डस्टरचा टायमिंग बेल्ट तुटला: व्हॉल्व्ह बदलायचे की अख्खं इंजिन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१४ ची डस्टर, ८५ पीएसचं डिझेल इंजिन, १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली. कराडच्या अलीकडे हायवेवर ऐंशीच्या वेगात टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) तुटला, गाडी टोचन करून आणली. जवळच्या मेकॅनिकने नवा बेल्ट चढवून सेल्फ मारला. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरतं, पण सुरू होत नाही. तो म्हणतो, हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवून वाकलेले तेवढे व्हॉल्व्ह बदलू. दुसरा गॅरेजवाला म्हणतो, यात हात घालू नका, हाफ इंजिन, म्हणजे जुन्या बाजारातलं दुसरं इंजिन, टाका. कुणाचं ऐकायचं?

आत्ता दोघांचंही ऐकू नका, कारण दोघांनीही अजून काही मोजलेलं नाही. मी कोल्हापुरात उद्यमनगरात हेडचं काम करतो. पट्टा तुटलेल्या गाड्यांची हेडं आमच्याकडे नेहमी येतात, आणि बहुतेक वेळा सोबत निरोप असतो, 'तीन व्हॉल्व्ह वाकलेत, बदलून द्या.' किती व्हॉल्व्ह वाकले हा नंतरचा प्रश्न आहे. आधी बघायचं ते हे, की मार कुठवर पोचला. पिस्टन व्हॉल्व्हवर आदळला की तो मार वर टॅपेट (व्हॉल्व्हवरची वाटी), कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि त्याला धरून ठेवणाऱ्या कॅपांपर्यंत जातो, आणि खाली पिस्टन, त्याला क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड आणि त्या रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं बिग-एंड बेअरिंग इथपर्यंत जातो. या वाटेवरचा प्रत्येक भाग तपासला तरच दुरुस्ती टिकते.

पहिली गोष्ट, सेल्फ पुन्हा मारू नका. तुमच्या गाडीतलं इंजिन रेनोचं १४६१ सीसीचं के९के आहे. यात चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, डोक्यावर एकच कॅमशाफ्ट आणि कॅमच्या थेट खाली टॅपेट. व्हॉल्व्ह सरळ उभे आहेत आणि पिस्टन वर आला की त्याच्या नि हेडच्या मध्ये जागा जवळपास उरतच नाही. चालू गाडीत बेल्ट तुटतो तेव्हा कॅम स्प्रिंगांच्या दाबाने लगेच थांबतो, पण गाडी गिअरमध्ये असल्यामुळे चाकं क्रँकला फिरवतच राहतात. त्या क्षणी जे व्हॉल्व्ह उघडे असतील त्यांच्यावर पिस्टन आदळतात, आणि क्लच दाबेपर्यंत आदळत राहतात. पहिल्या धक्क्याने कॅम थोडा सरकला तर आधी वाचलेला व्हॉल्व्हही पिस्टनसमोर येतो. म्हणून 'इतकेच वाकले' हे बाहेरून कुणीच सांगू शकत नाही. त्यावर नवा बेल्ट चढवून सेल्फ मारला, की जो वाकलेला व्हॉल्व्ह पूर्ण वर बसत नाही तो पिस्टनच्या वाटेत लोंबत असतो, आणि त्याला पुन्हा मार बसतो. 'बेल्ट टाकून बघू, नशीब असेल तर सुरू होईल' हा सल्ला या इंजिनाला लागू नाही. पालिओच्या १.२ आठ व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिनासारखी काही इंजिनं अशी आहेत, की त्यांत पट्टा तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. तिथे तो सल्ला चालतो, आणि तिथूनच ही सवय पसरली असावी. काही डिझेल इंजिनांत कॅम आणि व्हॉल्व्हच्या मध्ये बारीक रॉकर असतात, मार बसला की ते आधी तुटतात आणि पुष्कळदा व्हॉल्व्ह वाचतात. तुमच्या इंजिनात मध्ये रॉकर नाही. सगळा मार थेट व्हॉल्व्ह आणि कॅम घेतात.

हेड उतरवायच्या आधी दोन तपासण्या करून घ्या. दोन्हींना फार वेळ लागत नाही आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

एक, टॅपेट क्लिअरन्स. आधी क्रँक हाताने, पाना लावून, पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीपासून (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेपासून) पाव फेरा बाजूला आणायची. अशाने चारही पिस्टन बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, मधोमध येतात आणि कॅम मोकळेपणाने फिरवता येतो. मग बेल्ट काढून, टॅपेट कव्हर उघडून कॅम एकटाच फिरवायचा. प्रत्येक लोबची (कॅमवरच्या उंचवट्याची) पाठ टॅपेटवर आली की फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालायचा. या इंजिनात थंड असताना इनलेटला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.४० मिलिमीटरच्या आसपास फट असते. वाकलेला व्हॉल्व्ह सीटवर (तो बंद होताना टेकतो त्या कड्यावर) पूर्ण बसत नाही, म्हणजे त्याची दांडी नेहमीपेक्षा खाली राहते आणि तिथे फट वाढते. आठपैकी पाच ठिकाणी फट बरोबर आणि तीन ठिकाणी ०.६, ०.८, १ मिलिमीटर असं दिसलं, तर हेड न उतरवताच तुम्हाला बराच अंदाज आलेला असतो. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात ही सोय नसते, तिथे टॅपेट स्वतःच फट भरून काढतं. एक सावधगिरी मात्र ठेवा. फट बरोबर आहे म्हणजे व्हॉल्व्ह सरळ आहे असं नाही. दोन-चार शतांश मिलिमीटर वाकलेला व्हॉल्व्ह फिलर गेजला फसवतो, पण कॉम्प्रेशन पकडत नाही.

दुसरी तपासणी लीक-डाऊनची, म्हणजे सिलिंडरात सोडलेली हवा कुठून गळते ते बघण्याची. कॉम्प्रेशन टेस्टसाठी सेल्फ मारावा लागतो आणि तोच टाळायचा आहे. हीटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची, मात्र त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी कॅम ठेवूनच. क्रँकचा पाना नीट अडकवून ठेवा, नाहीतर हवेच्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो आणि पाना हातावर येतो. मग कान द्यायचा. एअर फिल्टरच्या पाइपातून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. ऑइलच्या झाकणातून थोडी हवा येणारच, पण जोराने येत असेल तर पिस्टन किंवा रिंगला इजा झालेली आहे. कूलंटच्या बाटलीत बुडबुडे आले तर हेडला तडा किंवा गॅस्केट गेलेलं. चारही सिलिंडरचं हे कागदावर लिहून घ्या. 'हाफ इंजिन टाका' म्हणणाऱ्याला हा कागद दाखवा आणि यातली कोणती नोंद हाफ इंजिन मागते ते विचारा.

आता हेड उतरवणं. के९केत ते करावंच लागेल, पण उतरवल्यावर लगेच लेथवाल्याकडे पाठवू नका. आधी ब्लॉककडे बघा. पिस्टनच्या माथ्यावरची काजळी पुसायच्या आधी नीट उजेडात बघायचं. जिथे व्हॉल्व्ह आपटला तिथे काजळी उडून चकचकीत धातूची चंद्रकोर दिसते. ती किती खोल आहे हे नखाने समजतं. नुसता पुसट ठसा असेल तर पिस्टन चालतो. नख अडकेल इतका खड्डा असेल, कड उठलेली असेल किंवा खड्ड्यापासून रिंगच्या दिशेने केसासारखी रेघ गेलेली असेल, तर तो पिस्टन बाहेर काढायचा. मग प्रत्येक पिस्टन टीडीसीला आणून ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजायचं. गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) रेषेवर, दोन्ही बाजूंना मोजायचं, म्हणजे पिस्टन कलल्याने आकडा फसत नाही. चारही आकडे एकमेकांजवळ असायला हवेत. एखादा पिस्टन बाकीच्यांपेक्षा दहा शतांश मिलिमीटर जरी खाली राहिला तरी त्याचा कनेक्टिंग रॉड वाकला असल्याचा संशय घ्यायचा आणि तो रॉड काढून तपासायचा. रॉड वाकलेला असताना हेड कितीही सुंदर करून बसवलं तरी पिस्टन बोअरला एका बाजूने घासत राहतो, आणि काही हजार किलोमीटरवर धूर सुरू होतो.

ऑइल चेंबर उतरवून ज्या सिलिंडरला मार बसलाय त्याच्या बिग-एंड बेअरिंगचा वरचा अर्धा भाग बघा. धक्का रॉडच्या बाजूच्या शेलवर येतो. तिथे दबलेला किंवा तांबूस झालेला पट्टा दिसला तर बेअरिंग बदलायचं. लाखावर चाललेल्या इंजिनात चारही बिग-एंड बेअरिंगं तशीही बघण्यासारखी असतात आणि चेंबर उघडलेलाच आहे. या कामाला मेकॅनिक कंटाळतो, कारण ते बिलात उठून दिसत नाही. तुम्ही आग्रह धरा.

हेडवर आता सविस्तर लिहितो, कारण काम बिघडतं ते इथेच.

व्हॉल्व्ह काढताना पहिली घाई होते. मार बसलेल्या व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकाला, लॉक बसतात त्या खाचेपाशी, धातूची बारीक कड उठलेली असते. स्प्रिंग काढून व्हॉल्व्ह तसाच खाली ओढला तर ती कड अख्ख्या गाइडमधून (दांडी सरकते त्या नळीतून) ओरखडा काढत जाते. आधी बारीक कानशीने ती कड घासून काढायची, मग बोटांनी ओढायचा. अडकला तर हातोडी मारायची नाही. गाइडच्या खाली दांडी कापायची आणि दोन्ही तुकडे दोन बाजूंनी काढायचे. तो व्हॉल्व्ह तसाही भंगारात जाणार आहे, गाइड वाचवायचं आहे.

वाकलेला व्हॉल्व्ह सरळ करून देणारे लोक आहेत. तो अजिबात घेऊ नका. चार हजार आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला तेहतीस वेळा उघडतो आणि मिटतो. एकदा वाकून सरळ केलेल्या दांडीत मानेपाशी सूक्ष्म तडे राहतात, आणि एखाद्या दिवशी व्हॉल्व्हची टिकली (दांडीच्या खालची गोल चकती) तुटून पिस्टनवर पडते. मग मात्र हाफ इंजिनवाल्याचं म्हणणं खरं होतं.

सरळ 'दिसणारे' व्हॉल्व्ह व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावायचा. दांडीला किंवा टिकलीच्या तिरक्या कडेला तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त फिरक दिसली तर मी तो व्हॉल्व्ह परत बसवत नाही. या इंजिनात माझा सल्ला आठही बदलण्याचा असतो. ज्यांचा आकडा बरोबर आला त्यांनाही मार बसला नसेलच असं छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि एक जुना व्हॉल्व्ह वाचवण्यापायी पुन्हा हेड उतरवणं परवडत नाही. पैशांची अगदीच ओढाताण असेल तर ज्या सिलिंडरच्या पिस्टनवर ठसा आहे त्याचे दोन्ही, आणि गेजवर नापास झालेले सगळे, इतकं तरी करा.

गाइड तपासायला नवाच व्हॉल्व्ह लागतो. तो सीटपासून सेंटीमीटरभर उचलायचा, टिकलीला डायल गेज लावायचा आणि आडवं हलवायचं. शिवाय गाइडचं खालचं तोंड भिंगाने बघायचं. व्हॉल्व्ह वाकतो तेव्हा दांडी त्याच तोंडावर रेटली जाते, त्यामुळे तिथे चीर किंवा उडालेली कपची सापडते. गाइड बदललं तर सीट पुन्हा कापावीच लागते, कारण सीटचा मध्य नव्या गाइडच्या मध्यावर आणायचा असतो. नुसती पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासल्याने मध्य जुळत नाही. पेस्ट घासणं हे सीट कापल्यानंतरचं शेवटचं हलकं काम आहे. ब्लू (ठसा उमटवणारा निळा रंग) लावून बघा. टिकलीवर आणि सीटवर एकसारखी, न तुटलेली रेघ सगळीकडे फिरली पाहिजे. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतून थांबायचं. चांगल्या कामात सीटभोवती ओलावाही दिसत नाही. व्हॅक्यूम लावायची सोय असेल तर आणखी बरं.

सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये किंचित खोल जातो. डिझेलमध्ये याचे दोन परिणाम होतात. टिकली जितकी आत गेली तितकं कॉम्प्रेशन कमी होतं, म्हणून हेडच्या पृष्ठापासून टिकली किती आत आहे ते मोजून आठही ठिकाणी जुळवायचं. शिवाय दांडीचं टोक वर येतं, त्यामुळे टॅपेटची फट कमी होते. या इंजिनात स्क्रू फिरवून फट जुळवायची सोय नाही. वेगवेगळ्या जाडीचे टॅपेट मिळतात, मोजून योग्य जाडीचा घालायचा. बरेच जण टॅपेटचे पैसे वाचवायला दांडीचं टोक घासतात. त्या टोकावरचा कडक थर अगदी पातळ असतो. तो गेला की टोक झिजत जातं आणि टॅपेटचा आवाज कधीच बंद होत नाही. सफाईपुरतं घासलं तर ठीक, पण फट जुळवायला घासू नका.

कॅमशाफ्ट दोन टोकांवर फिरवून मधल्या जर्नलला (कॅपेत फिरणाऱ्या गोल भागाला) गेज लावा, आणि लोबच्या बुडाशी तडा आहे का बघा. कॅमची एखादी कॅप फुटली असेल तर दुसऱ्या हेडची कॅप आणून बसवायची नाही. कॅपा हेडबरोबर एकत्र बोअर केलेल्या असतात, परक्या कॅपेत कॅम धरतो. तेव्हा हेडच बदलावं लागतं, आणि भाव वाढण्याचं हे एक खरं कारण आहे. टॅपेट उलटं करून आतून बघा, तडा आतून सुरू होतो. टॅपेट ज्या बोअरमध्ये सरकतो तिथे ओरखडे असतील तर ते हेड मी परत करतो.

सगळं मोकळं झाल्यावर हेड गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने प्रेशर टेस्ट करा. दोन व्हॉल्व्हच्या सीटांमधली चीर थंड हेडमध्ये मिटलेली असते, गरम झाल्यावर उघडते. मग सरळपट्टी आणि फिलर गेज. ०.०५ मिलिमीटरपर्यंत वाकडेपणा चालतो. त्यापुढे गेलं तर कंपनी या हेडच्या फेसिंगला, म्हणजे पृष्ठ घासून सपाट करायला, परवानगी देत नाही, हेड बदलायला सांगते. 'आलंच आहे तर एक हात मारून देतो' म्हणून फेसिंग करणाऱ्याला आधीच बजावून ठेवा. हेड जितकं घासलं तितके व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, आणि इथे मुळात जागाच नाही.

आता बेल्ट का तुटला, हा सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न. तुटलेला पट्टा फेकला नसेल तर मागून घ्या. पट्टा सरळ आडवा तुटलाय आणि टोकाला दोरे सुटलेत, पाठीवर बारीक भेगा आहेत, तर वय झालं होतं. पट्टा अखंड आहे पण एका भागातले दात साफ सोललेत, तर काहीतरी जाम झालं होतं आणि क्रँकची पुली तिथेच फिरत राहिली. एक कड झिजून केसाळ झालीय, तर टेन्शनर (पट्टा ताणणारं चाक) किंवा आयडलर (पट्ट्याला वाट देणारं चाक) वाकडा चालत होता. रबर मऊ, फुगलेलं असेल तर ऑइल लागलंय, म्हणजे क्रँक किंवा कॅमचं ऑइल सील बघा. आणि बाहेरच्या फॅन बेल्टचे तुकडे टायमिंग कव्हरच्या आत सापडले, तर खरा गुन्हेगार तो फॅन बेल्ट. तो फाटून खालच्या कव्हरमधून आत ओढला जातो आणि टायमिंग बेल्टला उडवतो. पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्यांत हे मी बघितलंय.

दात सोललेले असतील तर वॉटर पंप आणि डिझेलचा हाय-प्रेशर पंप दोन्ही हाताने फिरवून बघा, कारण दोन्ही याच पट्ट्यावर चालतात. डिझेल फिल्टर रिकामा करून पांढऱ्या कागदावर ओता. चांदीसारखी चमक दिसली तर हाय-प्रेशर पंप आतून झिजतोय. तो तसाच ठेवून नवं हेड बसवलं, तर पुढचा बेल्टही तोच तोडू शकतो, आणि नोजलही जातील. तुमच्या गाडीचा बेल्ट आधी बदलला गेला होता का, हे बिलांत शोधा. मागच्या वेळी नुसता पट्टा बदलून टेन्शनर आणि वॉटर पंप जुनेच ठेवले असतील, तर कारण बहुधा तिथेच सापडेल.

जोडणीबद्दल थोडक्यात. हेड बोल्ट नवे घ्या, ते ताणले जाणारे आहेत. ब्लॉकच्या बोल्टांच्या भोकांतलं ऑइल आणि कूलंट सिरिंजने ओढून काढा, तुंबलेल्या ऑइलवर बोल्ट आवळला तर ब्लॉकला तडा जातो. ब्लॉकचा पृष्ठ ग्राइंडरला घासणीची चकती लावून साफ करू देऊ नका, त्याची भुकटी ऑइलमधून बेअरिंगांत जाते. टॉर्क पाना आणि अंशांचं मोजमाप मॅन्युअलप्रमाणेच, अंदाजाने नाही. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप असा पूर्ण संच घाला, फॅन बेल्टही नवा. क्रँक आणि कॅम त्यांच्या पिनांनीच लॉक करा, पांढऱ्या रंगाच्या खुणांवर जाऊ नका. टेन्शनर थंड इंजिनवर लावा. मग पिना काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि पिना पुन्हा जागेवर जातात का बघा. मध्ये कुठेही कडक लागलं तर जोर लावू नका, थांबून कारण शोधा.

पहिल्यांदा सेल्फ मारायच्या आधी बॉनेटखालचा रबरी फुगा दाबून डिझेल भरा आणि नोजलचे कनेक्टर काढून ठेवा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत फिरवा. चारही सिलिंडरचा आवाज एकसारखा, ठेक्यात यायला हवा. मग कनेक्टर लावून सुरू करा.

निर्णय असा घ्या. पिस्टनवर पुसट ठसे, चारही पिस्टनची उंची जुळते, बेअरिंग साफ, कॅपा शाबूत, हेडला तडा नाही: हेडची पूर्ण दुरुस्ती करा. गाडी पुन्हा लाखभर किलोमीटर जायला हरकत नाही. जुन्या बाजारातलं हाफ इंजिन कुणी कसं वापरलं हे कुणालाच ठाऊक नसतं, स्वतःच्या इंजिनाची निदान तुम्हाला माहिती आहे. रॉड वाकलेला, बोअरवर उभे ओरखडे आणि वर कॅपही फुटलेली, असं एकत्र आलं तर दुसरं इंजिन हिशेबाने बरं पडतं. तेही घ्यायच्या आधी त्याचं चेंबर उघडून एक बिग-एंड बघू द्या अशी अट घाला. फक्त एक पिस्टन आणि रॉड गेला असेल तर तो वजन जुळवून बदलता येतो, त्यासाठी अख्खं इंजिन टाकायची गरज नाही.

गॅरेजवाल्याकडून हेड परत जोडायच्या आधी चार गोष्टी लेखी मागा: आठही टॅपेटच्या फटी, चारही पिस्टनची उंची, हेडच्या प्रेशर टेस्टचा निकाल आणि बेल्ट तुटण्याचं कारण. जुने व्हॉल्व्ह आणि तुटलेला पट्टा पिशवीत घालून परत मागा. गाडी हातात आल्यावर पहिले हजार किलोमीटर जास्त ओढू नका. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला, कूलंटची पातळी थंड इंजिनवर बघा, आणि टायमिंगच्या बाजूने घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय का ते सकाळी पहिल्या स्टार्टला ऐका. आला तर गाडी बंद करून टेन्शनर तपासून घ्या, तशीच चालवू नका.